मधुमतीच्या बँडेजमधली मोहरी

आजारी माणसाला भेटायला तुम्ही शेवटचे कधी गेला होतात? आणि तिथे तुम्हाला चहा कुणी करून दिला? आठवा जरा. चहा कसा होता ते आठवेल, त्यात आलं होतं की वेलची तेही आठवेल. तो करणाऱ्या माणसाचे हातपाय धड होते का, ते आठवतंय का बघा.

हे विचारायचा मला काडीचा अधिकार नाही. आमच्या घरी तो चहा मधुमती करत होती, मनगटाचं हाड मोडलेलं असताना. आणि मी बाहेरच्या खोलीत सोफ्यावर, पाय दोन उशांवर चढवून, आलेल्या मंडळींना माझ्या पराक्रमाची हकीकत सांगत होतो.

मधुमती माझी बायको. कराडच्या पोस्टमास्तरांची धाकटी मुलगी. उंचीने लहान, आवाजाने त्याहून लहान. सॉफ्टवेअर कंपनीत दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधणं हा तिचा पगारी धंदा आहे, आणि घरी ती तो फुकट करत नाही. त्यामुळे मी बरीच वर्षं असं समजत होतो, की माझ्यात चुका नाहीत.

आमची गाठ पडली ती पुण्यात, घरकामगार बायकांच्या संघटनेच्या कचेरीत. कचेरी म्हणजे एका सायकल दुकानाचा पोटमाळा. मी तिथला पुढारी. दहावीनंतर शाळेने मला आणि मी शाळेला रामराम ठोकलेला, कायदा शिकलो तो सरकारी कचेऱ्यांबाहेरच्या बाकांवर बसून. पण बोलायला उभा राहिलो की माईक लागायचा नाही. मधुमती रविवारी आमची पत्रकं टाइप करायला यायची. माझं दोन पानांचं घणाघाती पत्रक तिने एकदा अर्ध्या पानात बसवलं. मी भडकलो. ती म्हणाली, "दिवसभर भांडी घासून आलेली बाई अर्धंच पान वाचते. पुढचं दीड पान तुझं तुलाच आवडतं." मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. वर्षभराने लग्न केलं.

मग तिच्या कंपनीने तिला सिंगापूरला पाठवलं. एम्प्लॉयमेंट पास तिचा. माझं कार्ड डिपेन्डन्ट पासचं. आयुष्यभर बायकांना स्वतःच्या पायावर उभ्या राहा म्हणून सांगणाऱ्या माणसाच्या खिशात 'अवलंबित' असं कार्ड! मधुमतीने एकदाही त्यावरून टोमणा मारला नाही. मारला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

बुकित बातोकला नवव्या मजल्यावर आमचा फ्लॅट. इथे मोर्चा काढता येत नाही, एकट्याने फलक धरून उभं राहायलासुद्धा परवानगी लागते. मग माणसाने आपला स्वभाव कुठे ठेवायचा? मी तो स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवला.

जुन्या ब्लॉकमध्ये कपडे वाळत घालायची पद्धत अशी: लांब बांबूवर ओले कपडे ओवायचे, आणि तो अख्खा बांबू खिडकीतून आडवा बाहेर काढून भिंतीतल्या खोबणीत रोवायचा. शेजारच्या चिनी आजी हे एका हाताने करतात, दुसऱ्या हातात फोन असतो. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका मात्र कपडे न पिळता घालतात. त्यांचं पाणी आमच्या वाळलेल्या कपड्यांवर. हा अन्याय होता. आणि अन्याय दिसला की मी गप्प बसत नाही, हे पुण्यात निदान तीन पोलीस चौक्यांना माहीत आहे.

त्या रविवारी सकाळी मी बांबू आत घ्यायला गेलो, तर इस्त्रीला घ्यायचा म्हणून वाळवलेला माझा सदरा पुन्हा ओला. मी बांबू अर्धा आत, अर्धा बाहेर धरला, डोकं खिडकीतून काढलं आणि वर बघून ओरडलो, "हॅलो अंकल! वॉटर! माय शर्ट!"

वरून खास सिंगापुरी शेपूट लावलेला शांत आवाज आला, "रेन, लाह."

आभाळात ढगाचा मागमूस नव्हता. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उडी मारल्यासारख्या टाचा उचलल्या, आणि सदऱ्यातून फरशीवर गळलेलं तेच पाणी माझ्या पायाखाली आलं. बांबू सुटला. मधुमती ओट्याशी होती. ती धावली. एका हाताने तिने बाहेर सटकणारा बांबू धरला, दुसऱ्या हाताने मला. बांबू हलका होता, तो वाचला. मी हलका नाही. आम्ही दोघं धाडकन खाली आलो, तिचं मनगट मध्ये आणि मी वर.

माझा घोटा दोन ठिकाणी मोडला. ऑपरेशन, आत पट्टी, स्क्रू. तिचं डावं मनगट मोडलं, पण हाड जागेवर होतं, म्हणून नुसती आधाराची खपची आणि वर क्रेप बँडेज. डॉक्टर तिला म्हणाले, "हाड आत्ता सरळ आहे. हललं, तर तुमचंही ऑपरेशन, आणि पकड पूर्वीसारखी राहीलच असं नाही. या हाताने काही उचलू नका, काही पिळू नका."

आता ऐका. मधुमती डावखुरी आहे. आणि बुधवारी संध्याकाळी ती कम्युनिटी क्लबमध्ये टेबल टेनिस खेळायला जाते. ऑफिसात जी बाई लिफ्टमध्ये सगळ्यांत शेवटी शिरते, ती तिथे साठीच्या चिनी बायकांना डाव्या हाताच्या सर्व्हिसने रडवते. तिला तिथे 'लेफ्टी' म्हणतात. मी एकदा बघायला गेलो आणि बाजूने सूचना द्यायला लागलो, तर तिघी आज्यांनी एकदम मला दार दाखवलं. मधुमतीला तसं हसताना मी फार कमी वेळा पाहिलंय. हॉस्पिटलमधून टॅक्सीत बसताना तिने एकच विचारलं, "बॅट धरता येईल ना रे?"

मी म्हणालो, "मी आहे ना."

मी होतो खरा. सोफ्यावर.

बातमी महाराष्ट्र मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली आणि मंडळी यायला लागली. आपल्या लोकांचं हे मला आवडतं. परदेशात कुणी पडलं तर आपला माणूस येतो. यिशुनहून बस आणि एमआरटीची मेट्रो बदलत, पपई घेऊन येतो. तुआसच्या कारखान्यातून पाळी संपवून परस्पर, हेल्मेट काखेत मारून येतो. येतो आणि सोफ्यावरच्या माणसाला विचारतो, "कसं काय झालं, दादा?"

सोफ्यावरच्या माणसाला. कारण आपल्याकडे रोगी कोण ते सरळ ठरलेलं असतं: आडवा असेल तो रोगी, उभी असेल तिने चहा टाकावा. माझा पाय उशांवर, निळ्या बुटात, एखाद्या पुतळ्यासारखा. तिचा हात ओढणीखाली. पाहुणे तिला म्हणायचे, "वहिनी, काही करू नका हं, अगदी काही नको," आणि सोफ्यावर मागे टेकायचे. 'काही नको' म्हटल्यावर काय काय करायचं असतं ते मराठी घरात वाढलेल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही. चहा. मग नुसता चहा कसा द्यायचा म्हणून पोहे. संध्याकाळ झाली तर "आता जेवूनच जा".

आणि मी हकीकत सांगायचो. पहिल्या पाहुण्यांना सांगितली तेव्हा मी बांबू पकडला होता. ही छोटी दुरुस्ती होती. दुसऱ्या खेपेला खाली एक म्हातारी उभी होती. नववा मजला, वरून बांबू सुटलेला, खाली म्हातारी! "मी विचार केला, पाय मोडला तरी चालेल." समोरचे गृहस्थ गहिवरले. पुढे पुढे म्हातारीच्या हातात नातू आला. प्रत्येक खेपेला नेमक्या त्याच ठिकाणी आतून पातेलं ओट्यावर आपटल्याचा आवाज यायचा. मला वाटायचं, एका हाताने काम करतेय, निसटत असेल बिचारीचं.

एकदा पाहुणे गेल्यावर ती म्हणाली, "निशी, तासावर येणारी कुणी बाई बघूया का? थोडे आठवडे. केर, फरशी, कपडे."

माझ्यातला पुढारी लंगड्या पायावर उभा राहिला. "माझ्या घरात मोलकरीण? ज्या बायांसाठी मी उन्हात घोषणा दिल्या, त्यांच्यातलीच एक माझी फरशी पुसणार आणि मी पाय वर करून बसणार? शक्य नाही. हे तत्त्व आहे."

ती कुकरचं झाकण काखेत धरून उजव्या हाताने शिट्टी काढत होती. म्हणाली, "तू त्यांच्यासाठी पगारी सुट्टी मागायचास. त्यांना कामावर ठेवू नका, असं कधी मागितलं होतंस?"

 कोंडीत सापडला की पुढारी जे म्हणतो ते मी म्हणालो, "विचार करू."

विचार चालू राहिला. मधुमतीही चालूच राहिली. मी काहीच करत नव्हतो असं नाही. मी बसल्या जागी कोथिंबीर निवडायचो आणि त्याबद्दल दिवसभर बोलायचो.

दोघांची तपासणीची तारीख एकच आली. एकाच खोलीत, मी व्हीलचेअरमध्ये, ती खुर्चीवर. माझा एक्स-रे उत्तम. डॉक्टर म्हणाले, "सुंदर विश्रांती घेतलीत." मी नम्रपणे मान हलवली, जसं काही मी अवघड असं काही करून दाखवलं होतं. मग तमिळ नर्सने मधुमतीचं बँडेज उलगडायला घेतलं. पहिला वेढा पिवळा. दुसरा वेढा पिवळा. तिसऱ्या वेढ्यातून वाळलेल्या कणकेची पापडी सुटली. आणि शेवटी खपची बाजूला केली, तशी स्टीलच्या ट्रेमध्ये टिणटिण करत काळे दाणे पडले.

डॉक्टर चष्मा वर करून बघायला लागले. "हे काय आहे?"

नर्सने एक दाणा बोटावर घेतला, वास घेतला. "कडुगु, डॉक्टर. मोहरी. फोडणीची." मग तिने माझ्याकडे पाहिलं. "अंकल, घरी स्वयंपाक कोण करतं?"

मी हजार माणसांच्या सभेत कधी अडखळलो नाही. तिथे मी निळ्या बुटाचा पट्टा सैल केला आणि पुन्हा आवळला. मधुमतीच म्हणाली, "पाहुणे येतात ना."

तिचा एक्स-रे लागला. हाड किंचित कललं होतं. मला ते दिसलं नसतं, डॉक्टरांनी पेनने रेघ ओढून दाखवलं. अजून थोडं कललं तर ऑपरेशन, पुढच्या फोटोत ठरवू. मधुमती त्या रेघेकडे बघत राहिली. ती रडली नाही. उजव्या हाताने तिने डाव्या हाताची बोटं एकेक करून मिटवून पाहिली, जशी बॅटच्या मुठीवर मिटतात.

मला असा संताप आला की विचारू नका. आणि पंचाईत अशी की ओरडायला वर कुणी काका नव्हते. खिडकीसुद्धा नव्हती. ओरडण्याजोगा जो कुणी होता तो व्हीलचेअरमध्ये बसला होता.

टॅक्सीतच मी तासावर बाई पाठवणाऱ्या एजन्सीला फोन लावला. पलीकडच्या मुलीला म्हटलं, "पहिला प्रश्न. बाईंना आठवड्याची सुट्टी कुठल्या वारी असते?"

ती हिंदीत म्हणाली, "अंकल, वो सिर्फ मंगलवार को तीन घंटे आएगी."

शेजारी मधुमती इतक्या दिवसांत पहिल्यांदा फिस्सकन हसली.

मंगळवारचं झालं. राहिले पाहुणे. रविवारी पद्मनाभ आणि कस्तुरी आले. पद्मनाभ बँकेत फार वरच्या जागेवर आहे, पोहण्याच्या तलावाच्या महागड्या कॉन्डोत राहतो, मंडळाचा सचिव. मनाने चांगला. आल्या आल्या पायाला हात लावल्यासारखं करून माझी चौकशी केली, सोफ्यावर टेकला आणि म्हणाला, "वहिनी, बाकी काही करू नका हं. फक्त तुमच्या हातचा तो आल्याचा चहा. त्यासाठी तर आलो."

मधुमती उठली.

"खाली बस!" मी ओरडलो. पद्मनाभ, कस्तुरी आणि मधुमती तिघंही बसले. पद्मनाभ तर बसलेलाच होता, तो आणखी बसला.

"अहो दादा, मी करते ना," कस्तुरी उठायला लागली.

"कुणीही बाईने उठायचं नाही! पद्मनाभ, तू चल."

"मी?"

"तुझ्या हाताला काही झालंय?"

मधुमतीची ऑफिसची चाकांची खुर्ची होती. मी एका पायावर उड्या मारत त्या खुर्चीवर बसलो आणि पद्मनाभला म्हणालो, "ढकल." बँकेचा साहेब मला ढकलत स्वयंपाकघरात घेऊन गेला. तिथे असं उघड झालं, की त्या घरात माझा मुक्काम इतकी वर्षं असून चहाची पूड कुठे असते ते मला माहीत नव्हतं, आणि गॅस कुठल्या बाजूला फिरवतात ते त्याला माहीत नव्हतं.

"मधुमती, दूध कुठेय?"

"फ्रिजमध्ये. दूध असतं तिथे."

"गाळणं?"

"तुझ्या नाकासमोर, खिळ्याला."

पद्मनाभ आलं किसताना स्वतःचं बोट किसून बसला. मी बसल्या बसल्या त्याला श्रमाच्या वाटणीवर चार शब्द सुनावत होतो, आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून मधुमतीचा आवाज आला. तिचा तो लहान आवाज. कस्तुरीला सांगत होती.

"म्हातारी? कसली म्हातारी! खाली कावळासुद्धा नव्हता. ह्याचं डोकं खिडकीबाहेर, वरच्या काकांशी भांडण चाललेलं. बांबू निघाला होता खाली जायला. तो मी धरला. ह्यालाही धरला. दोघांतला एकच धरायला हवा होता, हे मला पडल्यावर कळलं."

कस्तुरी हसून हसून लोळायची बाकी होती. "आणि तो नातू?"

"नातू परवाच जन्मला."

मी पातेलं ओट्यावर आपटलं. मग माझं मलाच ऐकू आलं, तो आवाज कुठला आहे ते. पद्मनाभ बोट तोंडात घालून माझ्याकडे बघत म्हणाला, "दादा, दूध उतू गेलं."

चहा भयंकर झाला. चौघांनी प्यायला. मी पद्मनाभकडून कपही धुवून घेतले आणि दारात त्याला वर भाषण दिलं, की आजाऱ्याला भेटायला येऊन आजाऱ्याकडून सेवा करून घेणं ही शोषणाची कशी सर्वांत सभ्य रीत आहे. तो लिफ्ट येईपर्यंत मान हलवत होता. लिफ्टमध्ये शिरल्यावरही हलवत असावा.

विजय म्हणतात तो हाच. मंडळाच्या ग्रुपवर संध्याकाळपर्यंत बातमी पोचली: बुकित बातोकला गेलात तर भांडी घासायला लागतात. पुढच्या रविवारी कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्याही नाही. ग्रुपवर हात जोडलेले आणि फुलांचे फोटो आले, 'लवकर बरे व्हा'. मी खूश. चाकांच्या खुर्चीवरून घर चालवायला लागलो. भाताला पाणी किती ते शिकलो, फोडणीत मोहरी तडतडली की चेहरा मागे घ्यायचा असतो तेही, जरा उशिरा, शिकलो. मधुमतीच्या हाताला मी चमचासुद्धा लागू दिला नाही. ती खिडकीशी बसायची. वरच्या काकांचं पाणी टपटपत असायचं, आणि आमचे कपडे आता घरातच वाळत होते.

पुढच्या फोटोत हाड होतं तिथेच होतं. किंचित कललेलं, पण धरलेलं. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, व्यायाम सुरू करा. घरी आल्यावर तिने कपाटातून बॅट काढली. मूठ धरली. पूर्ण मिटत नव्हती, पण धरली. मी भिंतीला टेकून एका पायावर उभा राहून चेंडू टाकला. तिने मारला, तो सोफ्याखाली गेला. मला वाकता येत नव्हतं, तिला हात टेकता येत नव्हता, तो अजून तिथेच आहे.

मी म्हटलं, "बघ, लोकांना हाकललं म्हणून हात वाचला."

ती सोफ्यावर बसली, माझ्या जागेवर. म्हणाली, "निशी, मला लोकांना हाकलायचं नव्हतं रे. मला फक्त चहा करायचा नव्हता." बॅट मांडीवर ठेवून म्हणाली, "दिवसभर ऑफिसच्या कॉलवर इंग्रजी. तू बोलतोस ते भाषण. तेवढंच दोन घटका कुणी आपल्यासारखं बोलायचं. कस्तुरी आली होती तेव्हा मी किती दिवसांनी हसले होते."

अर्ध्या पानाच्या कामाला मी पुन्हा दोन पानं खर्च केली होती.

मी पद्मनाभला फोन केला. माफी मागणं मला जमत नाही, तेव्हा "बोट कसं आहे?" असं विचारलं. तो म्हणाला, "बरं आहे. गॅस डावीकडे फिरवतात, हे आता माहीत आहे." पण येतो म्हणाला नाही. म्हणून हे लिहितोय, ग्रुपवर टाकण्यासाठी आणि बाकी कुणाच्या हाती पडेल त्यांच्यासाठीही.

तेव्हा माझी विनंती आहे. रविवारी या. पपई आणली नाही तरी चालेल. दारात चपला काढा, आणि माझ्या पायाकडे न बघता आधी तिला विचारा, हात कसा आहे. मग बांबूची गोष्ट तिच्याकडून ऐका, मी मधे बोललो तर मला गप्प करा. चहाची पूड ओट्यावरच्या फडताळात डावीकडे आहे, आलं फ्रिजच्या दारात, गाळणं खिळ्याला. तिला साखर कमी लागते. तुमच्यापैकी कुणीतरी उठा आणि चहा टाका. आणि एवढे आलाच आहात, तर जरा वाकून सोफ्याखालचा तो चेंडू तेवढा काढून द्या.